बुधवारची मुलाखत

वॉल्टरच्या बायकोचा, डेनिसचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून निघून चँडलर गावातल्या एका सिग्नलला थांबलो होतो. "वॉल्टर गेला," ती म्हणाली. दुपारी जेवून तो खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. याला आता सहा आठवडे झाले.

वॉल्टर माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. पण इंग्रजीत अहो-जाहो नसतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी तो 'तो'च राहिला. नागपूरहून आलेला मी तेव्हा वर्क व्हिसावर उत्तरेकडच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात व्हिडिओचं काम करायचो. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन, चेंडू हातात घेऊन धावायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. वॉल्टर संघाचा सहायक प्रशिक्षक. रोज सकाळी माझ्या खोलीत यायचा, क्लिप मधेच थांबवायला लावायचा आणि विचारायचा, "आता हा कुठे पळेल, सांग." मी चुकलो की हसायचा नाही, पुन्हा विचारायचा. वर्षभरात मला खेळ दिसायला लागला. आणखी एक गोष्टही दिसायला लागली. मैदानावर बहुतेक खेळाडू वॉल्टरसारखे कृष्णवर्णीय, आणि वरच्या काचेच्या खोल्यांमध्ये बहुतेक माणसं गोरी.

एका मोसमाच्या शेवटी मुख्य प्रशिक्षकाला काढलं. त्या जागेसाठी सगळ्यांच्या तोंडी वॉल्टरचं नाव होतं. तशी जागा भरताना गोऱ्यांपलीकडच्या उमेदवारालाही मुलाखतीला बोलवायचं, असा लीगचा नियमच होता. वॉल्टरची मुलाखत बुधवारी ठरली. सोमवारी सकाळी माझ्या साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं की नव्या प्रशिक्षकाच्या स्वागताची फिल्म गुरुवारपर्यंत तयार हवी. नाव दुसऱ्याच संघातल्या एका गोऱ्या माणसाचं होतं. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये," ते म्हणाले. त्यांनी व्हिसाचा शब्दही काढला नाही. काढायची गरज नव्हती. माझ्या बायकोला, स्नेहाला तेव्हा सातवा महिना होता.

त्याच दुपारी वॉल्टर आला. मुलाखतीत दाखवायला त्याला क्लिप्स हव्या होत्या. मी घाईघाईने स्क्रीनवरची फिल्म बंद करून त्याची फाइल उघडली. दोन तास तो माझ्या शेजारी बसून बोलत होता... पहिल्या वर्षी काय करेन, कुणाला कुठे खेळवेन. जाताना म्हणाला, "डेनिसने नवा टाय आणलाय, यार." 'यार' हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचलला होता. मी म्हणालो, "ऑल द बेस्ट." एवढंच म्हणालो.

बुधवारी चाळीस मिनिटांत तो बाहेर आला. गुरुवारी सगळ्या स्टाफसमोर ती फिल्म दाखवली. वॉल्टर पहिल्या रांगेत होता, टाळ्याही वाजवल्या त्याने. नंतर माझ्या खोलीत आला, पण बसला नाही.

"कधी केलीस?"

"सोमवारी."

त्याने मान हलवली. "तुझ्या जागी मी असतो तर सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. मग दारातून वळून, "पण मला कळायला हवं होतं, विनय."

त्यानंतर तो सकाळचा यायचा बंद झाला. मी दोन वर्षांत ती नोकरी सोडली, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत चँडलरला आलो. तो आणखी चार संघांच्या मुलाखतींना जाऊन आला. जागा कुठेच मिळाली नाही. निवृत्त होऊन तोही इथेच ऊन शोधत आला आणि एक दिवस आपणहून त्याचा फोन आला. पुन्हा जाणं-येणं सुरू झालं. माफीचा विषय त्याने काढला नाही, मलाही जमलं नाही. एकदाच मी विचारलं, ठरलेलं असतं हे माहीत असूनही तू का जात राहिलास? म्हणाला, "मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी लिहिलं असतं, आमच्यातलं कुणी इच्छुकच नाही." अलीकडे तर मुलाखतीच्या त्या नियमाचं नावही कुणी मोठ्याने घेईनासं झालंय. शेवटच्या भेटीत तो म्हणाला होता, "पूर्वी निदान खोट्या मुलाखतीला बोलावत तरी होते."

परवा डेनिसकडे गेलो. तिने मला मागची खोली दाखवली. मी कधी तिकडे गेलो नव्हतो. समोरासमोर दोन खुर्च्या, मधे टेबल, त्यावर वॉल्टरच्या अक्षरातली एक वही. देशभरातले कृष्णवर्णीय सहायक प्रशिक्षक मुलाखतीआधी त्याला फोन करायचे, काही जण विमानाने यायचे. तो संघाचा मालक असल्यासारखा समोरच्या खुर्चीत बसून त्यांना तयार करायचा. डेनिस हे सांगत असतानाच तिचा फोन वाजला. पंचेचाळिशीतला कुणी टेरेन्स, अशाच एका संघाचा सहायक प्रशिक्षक. त्याची मुलाखत शुक्रवारी होती. वॉल्टर काय विचारायचा, ते कुणी वाचून दाखवेल का, एवढंच त्याला हवं होतं.

डेनिसने फोन स्पीकरवर ठेवला आणि वही माझ्या हातात दिली. पहिल्याच पानावर पहिला प्रश्न होता. मी वाचला, "ही जागा दुसऱ्या कुणाला आधीच दिलेली आहे, असं समजा. तरीही या खोलीत तुम्हाला काय सांगायचंय?"

टेरेन्सने दबक्या आवाजात विचारलं, "या जागेबद्दल तुम्हाला काही कळलंय का?"

"नाही," मी म्हणालो. या वेळी मी खरंच काही लपवत नव्हतो... पण त्याला ते पटल्यासारखं वाटलं नाही.