बालंक्याचा झाला वानेरा

देवणीच्या अलीकडं एका गावात गुरुपादप्पा राहतात. त्यांना गुरांतलं कळतं, हे कुणी नाकारत न्हाई. वासराच्या कपाळाकडं बघून त्याचा आजा कुणाचा वळू होता ते सांगतील. तिथल्या देवणी गुरांत रंगाचे तीन वाण: अंगभर पांढरा तो बालंक्या, तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंगावर काळे डाग तो शेवरा. जन्मभर गुरुपादप्पांची नजर याच्यावरच घासली गेली.

म्हणून गोठ्यातल्या चितरी मांजरीला पिल्लं झाली तेव्हा त्यांनी हेच माप लावलं. काळ्या डागांचं पिल्लू शेवरा. एक तांबडं, देवणीत त्याला जागाच न्हाई, म्हणून ते नुसतंच तांबडं. आणि एक दुधासारखं, बालंक्या. आल्यागेल्याला ते हेच दाखवायचे.

पंधरवडा उलटला आणि बालंक्याचे कान काळवंडले. मग नाक, शेपूट, पाय.  अंगभर गाठी उठवणाऱ्या लंपीच्या साली गुरुपादप्पांनी गायी पुरल्या होत्या. चामडीवर नवं काही दिसलं की जनावर आधी बाजूला काढायचं, हे तेव्हापासून हाडात भिनलेलं. त्यांनी पिल्लू आईपासून तोडलं, हळद-कडुलिंब फासला, कडब्याच्या उघड्या खोपीत टोपल्याखाली ठेवलं. बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. दिवस थंडीचे. पिल्लाला हगवण लागली, कान अजूनच काळे पडले.

"रोग वाढायलाय," ते सुनेला म्हणाले.

 चितरी खोपीभोवती ओरडत फिरत होती, ते सून उज्वलाला बघवेना. गाय तपासायला डॉक्टरीणबाई आल्या तसं तिनं पिल्लू ओच्यातून काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

बाईंनी उलटसुलट करून बघितलं. रोग न्हाई, म्हणाल्या. हा रंगच असा. अंग ऊब धरतं तिथं पांढरा राहतो, गार पडतं तिथं काळा होतो. खोपीच्या गारठ्यानं तो लवकर चढला. हगवण गाईच्या दुधाची. आईला पाजू द्या, न्हाईतर हे जगायचं न्हाई.

"माझ्या देवणीच्या दुधानं हगवण?" रंगापेक्षा गुरुपादप्पांना तेच जास्त लागलं.

"वासराला ते अमृत आहे, अप्पा. मांजरीच्या लेकराला मांजरीचंच लागतं."

असला रंग गावात न्हाई, बोका शहरातला असणार, असं ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, असेलही. पण हा रंग आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. चितरीच्या रक्तातही तो दडलेला. हे मात्र गुरुपादप्पांना चटकन पटलं. आजीचा गुण नातीत निघालेला त्यांनी गुरांत कैकदा बघितला होता.

पिल्लू चितरीपुढं ठेवलं, तर तिनं हुंगलं आणि फिस्कारून मागं सरली. हळद-कडुलिंबाचा वास तिला ओळखू देईना. उज्वलानं सासऱ्याकडं बघितलं.

आता त्यांची गुरांतली अक्कल उपयोगी पडली. परकं वासरू गाईला लावायचं तर तिच्या वासराच्या अंगाखालचं पोतं त्याला चोळतात. त्यांनी कोमट फडक्यानं हळद पुसली, पिल्लू चुलीपाशी कोरडं केलं आणि भावंडांच्या अंगाखालच्या पोत्यात घोळवून शेवऱ्याशेजारी सारलं.

चितरी परत हुंगायला आली. थांबली. मग तो काळा कान चाटला. गुरुपादप्पा उकिडवे बसलेले, पाय आखडेपर्यंत हलले न्हाईत. पिल्लू आईला लुचायला लागलं तेव्हा कुठं त्यांनी तंबाखू काढली.

महिनाभरानं शेजारचे शेषेराव दावणीशी आले आणि खिजवायला लागले.

"अप्पा, तुमचा बालंक्या काळा पडला की."

"वानेरा हाय तो," गुरुपादप्पा म्हणाले. "माझीच नजर चुकली." आणि पेंडीची बादली सरकवून त्यांनी पिल्लाला उन्हात जागा करून दिली.