मोठ्या आवाजाचा नवरा

आमच्या दादाचा आवाज म्हणजे कहर होता. भाजीबाजारात तो लिलाव पुकारायचा आणि घरीही तसाच बोलायचा. त्याने पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण पेटलं. अशा माणसाला तोंडातून ब्र न काढणारी बायको मिळाली, आणि तीही आपणहून हो म्हणालेली. मी वहिनीला चिडवायचे, "काय पाहिलंस गं ह्याच्यात?" ती म्हणायची, "ते घरात कुठे आहेत, ते कळतं." आम्ही पोट धरधरून हसायचो.

वहिनी शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. संसार बरा चालला होता. दादा जिन्यावरूनच "आलो गं" म्हणून ओरडायचा आणि ती आत निवांत आपलं काम करत राहायची. मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक, भोकात नळी. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. घरी सोडताना नर्सने बजावलं, "नळीत कफ अडकला तर यांना हाक मारता येणार नाही. रात्री कुणीतरी शेजारीच झोपा."

पहिल्याच आठवड्यात वहिनी इस्त्री करत असताना दादा मागून आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने वळून हातातली गरम इस्त्रीच मारली. त्याच्या मनगटाची कातडी निघाली. त्या दिवसापासून ती आतल्या खोलीत कडी लावून झोपू लागली, आणि दादाजवळ झोपायला मी, माझं घर वाऱ्यावर सोडून. माझं डोकं फिरलं.

"एवढी किळस येते तर तसं तोंडावर सांग की," मी एकदा तिला म्हटलंच.

"किळस कसली? नळी मीच धुते ना?" वहिनी म्हणाली. ती भिंतीला पाठ लावून भाजी निवडत होती. मग खाली बघतच तिने सांगितलं. आई गेल्यावर ती मामाकडे वाढली. मामा कधी आवाज चढवायचा नाही, चालताना त्याचे पाय वाजायचे नाहीत. तोंडावर हात पडेपर्यंत तो खोलीत आलाय हे कळायचं नाही. तिने मामीला सांगून पाहिलं. मामी म्हणाली, "जो माणूस साधं मोठ्याने बोलत नाही, तो असलं काही करेल?"

"हे तसे नाहीत, मला कळत नाही का?" वहिनी म्हणाली. "डोक्याला कळतं गं. पाठीला कळत नाही."

मला त्या मामाचा असा संताप आला, पण तो केव्हाच मरून गेला होता. केवढा सज्जन माणूस, म्हणत लोकांनी त्याला पोचवलाही होता.

"दादाला सांगू का?"

"नको. मीच सांगते."

तिने सांगितलं तेव्हा दादा रडला, त्याचाही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो ताट आणि चमचा घेऊन घरभर फिरू लागला. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ताट वाजवायचा. शेजारी म्हणाले, आवाज गेला पण कटकट काही गेली नाही. वहिनीने कडी काढली, दिवा चालू ठेवला आणि ती दादाच्या खोलीत झोपू लागली. मला म्हणाली, "आता तू घरी जा." मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परवा दादाबरोबर तिचा डबा द्यायला कारखान्यात गेले. तिथे जेवणाच्या सुट्टीतही मशीन थांबत नाहीत, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या खडखडाटात शर्टांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून वहिनी गाढ झोपली होती. सगळ्या कारखान्याकडे तिची पाठ होती.

"रोज इथेच झोपते," शेजारच्या मशीनवरची बाई माझ्या कानाशी ओरडली. "घरी डोळ्याला डोळा लागत नाही म्हणते."

मी दादाला खूण केली, जा, उठव. तो दारातून हलला नाही. त्याने डबा माझ्या हातात दिला आणि तिला उठवायला मला पुढे पाठवलं.