व्हिसा आज काय जेवला?

आमच्या इमारतीत म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या आम्ही पाचजणी, सगळ्या परमुलखातून आलेल्या. दुपारी आपापल्या माणसाची चाकाची खुर्ची ढकलत खालच्या बाकापाशी जमलो की पहिला प्रश्न ठरलेला, "तुझा व्हिसा आज काय जेवला?" कारण इथला कायदाच तसा आहे. परक्या बाईने ठरावीक वर्षं काम करायचं आणि चालू पडायचं. त्यानंतरही राहता येतं ते फक्त ज्याला सांभाळतोय त्याच म्हाताऱ्यापाशी, आणि तेही तो जिवंत आहे तोवर. तो गेला की आपणही गेलो. मध्ये घरी जाऊन यायची सोय नाही, एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की दार बंद. लोकांच्या मुदती कचेरीत वाढतात, आमच्या सुपाच्या वाटीत.

यात सगळ्यात जास्त अडकली ती आमची डॉक्टरीण. डॉक्टरीण कसली, आमच्यासारखीच बाई. येताजाता कुणाच्याही कपाळाला हात लावून ताप बघायची खोड, म्हणून ते नाव. माझ्या वर दोन मजले सोडून ती एका म्हाताऱ्या बस ड्रायव्हरला सांभाळते. तिची ठरलेली वर्षं केव्हाच संपली. तिचा स्वतःचा नवरा तिकडे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. त्याचं लेक करते, औषधपाणी हिच्या पगारावर. म्हणजे बाई परक्याला भरवते तेव्हा कुठे घरच्याच्या तोंडात घास पडतो. मला या गोष्टीचा संताप येतो. पण माझ्या संतापाला विचारतो कोण?

त्या ड्रायव्हर आजोबांच्या घशात पाणीसुद्धा अडकतं. डॉक्टरीण त्यात दाट करायची पूड कालवते, चमचा खालच्या ओठाला टेकवते आणि त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली आल्याशिवाय दुसरा चमचा भरत नाही. घाई करणाऱ्यांचे म्हातारे ठसका लागून गेलेले आम्ही बघितलेत. हिचे आजोबा टिकले ते त्या कंठमण्यावर नजर ठेवल्यामुळे.

थंडीत आजोबांनी तोंड मिटलं. चमचा दिसला की मान भिंतीकडे. "पुष्कळ झालं," एवढंच म्हणायचे. त्यांच्या मुलीने लाडीगोडी केली, दटावलं, आणि शेवटी चिडून बोलून गेली, "बाबा, तुम्ही गेलात तर हिला लगेच देश सोडावा लागेल. हिच्या घरची चूल तुमच्या जिवावर पेटते." त्याच संध्याकाळी आजोबांनी तोंड उघडलं. व्हिसा जेवला म्हणून आम्ही बाकावर पोट धरून हसलो.

थंडी सरता सरता डॉक्टरणीच्या लेकीचा फोन आला. "आई, बाबा आता कुणाला ओळखत नाहीत. नुसतं तुझं नाव घेतात. येऊन जा." येऊन जा म्हणे. पोरीला काय ठाऊक, इथून फक्त जाता येतं.

डॉक्टरीण बाकावर बसून रडली. "मी गेले तर औषधं बंद. नाही गेले तर त्याचं तोंडही दिसायचं नाही."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हटलं, "तू जा. औषधांनी तो उठून बसणार आहे का? म्हाताऱ्यालाही सुटायचंय. आजच सांगून टाक."

तिने पदराने तोंड पुसलं. "सांगते," म्हणाली.

आजोबांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, म्हणून दुपारी मी वर जाते. त्या दिवशीही गेले. आम्ही त्यांना वळवलं, पाठीशी उशी लावली. तिने सुपाची वाटी हातात घेतली.

"आजोबा, तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक." बोलायला त्यांना वेळ लागतो. "गिळवत नाही गं पोरी. एकेक घास नकोसा होतो. तुझ्यासाठी गिळतोय. खरं सांग, अजून किती दिवस लागतील तुला?"

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. बोल बाई, आता तरी बोल, असं मनात म्हणत होते.

"माझा नवरा आजारी आहे, आजोबा," ती म्हणाली.

"मग?"

तिचा चमचा वाटीतच राहिला. "औषधं चालू आहेत त्याची."

आजोबांनी डोळे मिटले. मला वाटलं, मान फिरवतात. पण "बरं," म्हणाले आणि तोंड उघडलं.

तिने चमचा ओठाला टेकवला. कंठमणी वर गेला, बराच वेळ तिथेच थांबला, मग खाली आला. तिने दुसरा चमचा भरला.