शनिवारी पुसायची यादी

"इयत्ता चपलेसंगं बाहेर ठेवा रे," गणिताच्या तासाला बाई रोज दारात उभ्या राहून म्हणायच्या. मग दुसरी, तिसरी, चौथीची मुलं एकाच हॉलमध्ये शिरायची आणि ज्याला जेवढं गणित येतं, त्याप्रमाणे तीन तरटपट्ट्यांवर बसायची. एकीवर तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, दुसरीवर हातच्याची वजाबाकी, तिसरीवर गुणाकार-भागाकार. कोण कुठे, ते बाई फरशीवर खडूने लिहीत. दर शनिवारी तोंडी परीक्षा घेत आणि नावं पुसून नव्याने मांडत.

जरीपटका वस्तीतल्या त्या शाळेत मी नवीन शिक्षिका होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चारचौघांत मराठी बोलायला घाबरणारी. डब्याच्या सुट्टीत बाई म्हणायच्या, "मूग गिळून काहून बसतेस वं? मी पोहे आणले न."

चौथीतली एक उंच मुलगी काड्यांच्या पट्टीवर बसेना. तिथे तिचा दुसरीतला भाऊ होता.

"मले लाज वाटते, बाई."

"मले बी वाटते. चार वर्षं तू शाळेत आली अन् आम्ही तुले दहा शिकवले नाई. बस."

ती बसली. महिन्याभरानंतर बाई आठवडाभर रजेवर होत्या, म्हणून शनिवारची परीक्षा मी घेतली. मुलीने हातच्याच्या पाचही वजाबाक्या बरोबर सोडवल्या. पण बाई आल्यावरच नाव बदलावं, असं मला वाटलं.

नेमक्या त्याच आठवड्यात तपासणीसाठी हेडमास्तरांना यादी हवी होती. "तुमचं अक्षर सुरेख आहे," ते मला म्हणाले. मी फरशीवरची नावं शाईने उतरवून दिली. हुशार, मध्यम, कच्चे, ही शीर्षकं त्यांनी सांगितली. तीही मी लिहिली, खाली रेघ मारून.

तपासणीला आलेल्या साहेबांना यादी पसंत पडली. कच्च्यांचा कायमचा वेगळा वर्ग झाला, व्हरांड्यात. शिक्षक मिळेल तेव्हा मिळणार होता.

बाई परतल्या आणि थेट ऑफिसात गेल्या. मी तिथेच होते.

"साहेबांची सही झाली आहे, बाई," हेडमास्तर म्हणाले.

"सही झाली म्हणून पोरगी शिकाची थांबते का, सर?" मग माझ्याकडे वळल्या. "तू परीक्षा घेतली न शनिवारी? सांग न वं."

दोन वाक्यं पुरली असती. तुम्हीही कधी अशा खोलीत उभे राहिला असाल. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले.

पुढच्याच महिन्यात बाईंची भिवापूरकडे बदली झाली. जाताना त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. निदान रागवायचं तरी.

दिवाळीनंतर ती मुलगी शाळेत दिसेना. मी तिच्या भावाला गाठलं.

"तिले येते न सारं," तो काड्या बांधत म्हणाला. "मंग इथं कायले यील?"

भिवापूरहून बाईंचं कार्ड आलं. चौकशी एकच होती: ती पोरगी भागाकारापर्यंत आली का? मी तीनदा उत्तर लिहायला घेतलं. बाई वारल्याचं कळलं, तेव्हा माझ्या कार्डावर फक्त त्यांचा पत्ता लिहून झाला होता.