सहाशे अकरा

काकाजींच्या हातात कोणतीही वस्तू आली, की ते ती आधी तळहातावर घ्यायचे, दोनदा वरखाली झुलवायचे आणि म्हणायचे, "याहून बरं निघते." मग ते वांगं असो, चपलेचा जोड असो, की माझ्या दुकानातलं पाच रुपयांचं पेन. पेनांचा अख्खा डबा माझ्या काउंटरवर ओतून, एकेक झुलवून, शेवटी ते पहिलंच पेन घेऊन जायचे. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पेनापुरता तो गमतीचाच असतो.

बालाघाटात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. काकाजी भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतून रिटायर झालेले. त्यांची सगळी नोकरी माल निवडण्यात गेली. दगड फोडायचा, टाकाऊ भाग उडवायचा, जड काळा माल एका ढिगात आणि हलका दुसऱ्या ढिगात टाकायचा. जितकं निवडाल तितकी ग्रेड वाढते, एवढं एकच मत त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. एकदा मी विचारलं, हलक्या ढिगाचं काय होतं? "तो कुठी जाते भाऊ? पडून राह्यते. लागला तं उचला."

त्यांना एकच मुलगी. ती दहावीपासून डॉक्टर व्हायचं म्हणत होती, आणि नुसतं म्हणत नव्हती. बारावीनंतर पहिल्याच खेपेला तिला नीटमध्ये सातशे वीसपैकी सहाशे अकरा मिळाले आणि सरकारी मेडिकल कॉलेजात जागा लागली. तो कागद माझ्याच प्रिंटरमधून निघाला. मला इतका आनंद झाला, की रांगेतल्या अनोळखी माणसांनाही मी पेढे वाटले.

काकाजींनी कागद तळहातावर घेतला. झुलवला.

"भाऊ, याहून बरं निघते. भोपाळचं मोठं कॉलेज भेटन. पोरगी अजून एक साल देते."

"काकाजी, ही जागा सोडली का गेली."

"काहून जाईन? सहाशे अकरा तं तिचेच हायेत ना."

मुलगी बाजूलाच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "अंकल, रहने दो। पापा नहीं मानेंगे।"

आणि मी, पंधरा वर्षं फॉर्म भरणारा शहाणा, गप्प बसलो! दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा, म्हणून. प्रवेशाची मुदत टळली. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

पुढचं वर्षभर मोहल्ल्यातला जो तो तिला सांगत होता, "इतके तं हायेतच, थोडेसेच वाढवाचे हायेत." थोडेसेच! सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती परीक्षा कशाची असते हेही माहीत नव्हतं. मुलगी लायब्ररीतून घरी आणि घरून लायब्ररीत. तिचं हसणं बंद झालं, केस गळायला लागले. काकाजी मात्र खुशीत होते. माल निवडला जात होता.

निकाल लागला. सहाशे सव्वीस.

"वाढले ना?" काकाजींनी विचारलं.

"हौ, वाढले."

"मंग?"

"जागा नाही लागत, काकाजी. यंदा सगळ्याईचेच वाढले. भोपाळ सोडा, मांगच्या सालचं कॉलेजही नाही भेटत."

 ते अगदी सहज म्हणाले, "तं जुने सहाशे अकरा लावा ना. त्याच्यावर लागलती जागा."

माझा तोल गेला. "जुने काही नसते! खाण हाय का हे? मी मांगच्या साली सांगून राह्यलो होतो ना!" दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. काकाजी वाकून स्क्रीनकडे पाहत होते. "तपासून पाहा ना भाऊ," ते म्हणाले, "कुठी तरी ठेवले असतीन."

माझा राग त्यांच्यावर होता, माझ्यावर होता, पण सगळ्यात जास्त होता तो या रीतीवर. काल डॉक्टर व्हायला पुरेसं येणारी मुलगी आज त्याहून जास्त येत असून नालायक ठरते, हा कुठला न्याय? आणि तो काकाजींना मी कोणत्या तोंडानं समजावून सांगायचा?

तिसऱ्या खेपेला मुलीनंच नाही म्हटलं. ती गोंदियाला नर्सिंगला गेली. ते काम हलकं असं मी मुळीच म्हणत नाही. पण ते तिनं मागितलेलं नव्हतं.

साडेतीन वर्षांनी काकाजींच्या छातीत पाणी भरलं. ती शिकत होती त्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा ती त्यांची सलाइन बदलत होती. काकाजींनी तिचा मोकळा हात आपल्या तळहातावर घेतला. मला वाटलं, आता झुलवतील. त्यांनी नुसता धरून ठेवला.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीण आली. मुलीच्याच वयाची असेल. "सिस्टर, चार्ट," ती म्हणाली. मुलीनं हात सोडवून घेतला, चार्ट दिला आणि पलंगापासून दोन पावलं मागं सरकली.

काकाजी एकदा डॉक्टरिणीकडे पाहत होते, एकदा मुलीकडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  रिकामा तळहात त्यांनी पालथा करून चादरीवर ठेवला.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्याच पलंगावर गेले.