माझ्या उंचीचा ओटा

दूध वर येत होतं, तेवढ्यात कुणीतरी दार धडाधडा वाजवलं. दारात वरच्या मजल्यावरची टेपबाई होती. गृहसजावटीची पदवी घेतल्यापासून ही पोरगी टेप पर्समध्ये घेऊनच हिंडते, म्हणून हे नाव.

"काकू, हे बघा!" तिनं एका कंपनीचं जाहिरातपत्रक ओट्यावर आपटलं.

मुलाखतीआधी त्या कंपनीनं तिला नमुन्याचं एक स्वयंपाकघर आखून आणायला सांगितलं होतं. तिनं माझंच आखलं. मी बुटकी, म्हणून ओटा दोन इंच खाली. मी डावखुरी, म्हणून सुऱ्यांचा खण डावीकडे. आठवडाभर खपली बिचारी. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी कागद ठेवून घेतले आणि "अनुभव नाही" म्हणून तिला वाटेला लावलं. आता पत्रकात तेच चित्र, खाली साहेबांचं नाव!

"अनुभव नाही, तर चोरलं कशाला?" तिनं साहेबांच्या नावावर बोट ठेवलं. "खाली माझं नाव असतं, तर पुढच्या मुलाखतीत दाखवता आलं असतं."

माझंही टाळकं सटकलं. "थांब, पदर खोचून येते. चांगली खरडपट्टी काढते मेल्यांची!"

"भांडू नका, काकू. फक्त माझ्याबरोबर चला आणि हे स्वयंपाकघर तुमचं आहे, एवढं सांगा."