सगळ्यांची कंबर सेहेचाळीस

आमचे हे शिंपी. हाताला भारी सफाई, पण डोक्याचं विचारूच नका! मापं लिहायची ती चिठ्ठ्यांवर, आणि चिठ्ठ्या कधी मशीनच्या खणात, कधी चहाच्या कपाखाली. गेल्या हिवाळ्यात बेकरीवाल्याची पँट वकिलाकडे गेली आणि वकिलाची बेकरीवाल्याकडे. ती बिचाऱ्याच्या गुडघ्याच्या वर सरकेना.

हे लेकीच्या कानावर गेलं. ती दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरचं काम करते. तडक आली आणि म्हणाली, "बाबा, पुरे झालं. दुकान बंद करा आणि दोघं माझ्याकडे राहायला चला."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच आलं. तसं मी उठता-बसता त्या दुकानाच्या नावाने बोटं मोडते. माझा स्वतःचा कोट कित्येक वर्षं 'पुढच्या आठवड्यात' होतोय! पण कात्रीचा आवाज ऐकल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. मी म्हटलं, "आणि मापं नीट ठेवली तर?"

लेक जरा विरघळली. जुना लॅपटॉप ठेवून गेली. "फोनवरून एसक्यूएल शिकवते, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहितीचे तक्ते ठेवायची भाषा. सुट्टीत येईन तेव्हा मापं जागच्या जागी दिसली तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप."

झाली शाळा सुरू. क्रिएट टेबल लिहून ह्यांनी तक्ता बनवला: नाव, छाती, कंबर, बाही, कधी द्यायचं. नवं गिऱ्हाईक आत घालायचं तर इन्सर्ट, बघायचं तर सिलेक्ट. एका बोटाने टाइप करायचे आणि शेवटचा अर्धविराम हमखास विसरायचे. मग स्वतःवरच ओरडायचे, "बटण लावायचं राहिलं!" बेकरीवाल्याचं माप पहिल्यांदा स्क्रीनवर आलं तेव्हा गडी मशीनभोवती नाचला. त्याच आनंदात सगळ्या चिठ्ठ्या शेगडीत घातल्या.

पुढे बेकरीवाल्याचं पोट आणखी सुटलं. ह्यांनी ऐटीत अपडेट लिहिलं, कंबर सेहेचाळीस, आणि दाबलं बटण. दुसऱ्या दिवशी वकील आला. हा काडीपैलवान, आणि स्क्रीनवर त्याची कंबर सेहेचाळीस! नाच शिकवणाऱ्या बाईंचीही सेहेचाळीस. सगळ्यांचीच.

हे मटकन खाली बसले. "अगं, मी सगळ्यांना बेकरीवाला करून टाकलं!"

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, व्हेअर कुठाय? कोणाची कंबर बदलायची ते सांगितलंच नाही तुम्ही."

"म्हणजे खडूची खूण न करताच कात्री चालवली मी," हे पुटपुटले. "संपलं. लाव कुलूप."

माझं डोकंच फिरलं. "रडता काय? लोकांच्या कंबरा कुठे पळून गेल्यात का? बोलवा सगळ्यांना!" मीच एकेकाला फोन केले. लोक हसत हसत आले. वकील तर दारातूनच ओरडला, "माझं पोट मला परत द्या!" हे टेपने मोजत, टाइप करत, आणि बटण दाबण्याआधी दर वेळी मोठ्याने म्हणत, "व्हेअर!"

सुट्टीत लेक आली. वकिलाचं माप मागितलं, आलं. बेकरीवाल्याचं मागितलं, आलं. मग म्हणाली, "आता आईचं."

ह्यांनी टाइप केलं. स्क्रीन कोरी.

"दिव्याखाली अंधार," मी म्हटलं. लेकीने लॅपटॉप मिटायला झाकण धरलं.

"थांब," हे म्हणाले. गळ्यातला टेप काढून माझ्यापुढे उभे राहिले. मी पोट आत घेतलं.

"सोड श्वास. खोटं माप घेत नाही मी."

मग कोणालाही न विचारता इन्सर्ट लिहिलं. छाती, कंबर, बाही. 'कधी द्यायचं' पाशी बोट अडलं. माझ्याकडे बघितलं आणि येत्या शनिवारची तारीख घातली. अर्धविरामही दिला.

"शनिवारी बघू," लेक म्हणाली.

शनिवारी नवा कोट घालून मी लेकीला स्टेशनवर सोडायला गेले. गाडीत ती एकटीच बसली.